एक नकार हवा आहे

४ मार्च

आजी,

गुडघ्याचं शेवटी विचारते, आधी बातमी.

आमच्या सन्मानसभेने परदेशातल्या शास्त्रज्ञांनाही सभासद करून घ्यायचं ठरवलं, हे तुला मागे कळवलं होतं. त्याच कामासाठी मला इथे घेतलं, तेही एका वर्षाच्या बोलीवर. आठ महिने मी पत्रं लिहिली, म्हाताऱ्या सभासदांच्या मिनतवाऱ्या केल्या, तेव्हा कुठे चार नावं मतदानाला गेली. एक काचेवर काम करतो, एक नदीच्या गाळावर, एक पक्ष्यांच्या गळ्यावर, आणि एक बाई आहेत त्या गांडुळांवर. चौघे चार देशांचे. मतं टपालाने येतात. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, पण बहुतेक सगळी आलीच आहेत. आणि आजी, एकसुद्धा मत विरोधात नाही! सभा निघाल्यापासून असं कधी झालेलं नाही. मी ऑफिसातल्या खुर्चीत बसल्या बसल्या दोनदा गोल फिरून घेतलं.

बाबांना सांग, रंगाच्या कंपनीतली कायमची नोकरी सोडून पोरीने माती खाल्ली नाही.

आता गुडघा. कसा आहे?

तुझी ठमी

•

९ मार्च

ठमे,

गुडघा जिथे होता तिथेच आहे. फोन न करता पत्र लिहिलंस ते बरं केलंस. फोनवर तू नुसतं "हं, हं" करतेस आणि मागे कपबशा धुतल्याचा आवाज येतो. कागदावर तरी नीट बोलतेस.

तुझ्या बापाला बातमी वाचून दाखवली. तो म्हणाला, "वर्ष संपल्यावर काय?" मी म्हटलं, "वर्ष संपलं की दुसरं लागतं." त्याने पेपर तोंडासमोर धरला. मुलगा माझाच, पण सासऱ्यांवर गेलाय.

मला शाळेने चौथीतच घरी पाठवलं, तेव्हा तुझ्या बिल्लेवाल्या मंडळींचं मला काय कळणार. पण एक सांग. एवढी शिकलेली डोकी एकत्र येतात आणि एकालाही कशात खोट सापडत नाही? आमच्या जिन्याला कुठला रंग द्यायचा यावरून दोन घरांचं बोलणं बंद आहे. मला तर वाटतं कोणी काही वाचलेलंच नाही. लग्नाच्या पत्रिकेवर बघतात तसं नाव बघितलं, बरं आहे म्हणाले आणि पाकीट चिकटवलं.

खालच्या मजल्यावरचा गांडूळमास्तर तुमच्यातलाच ना? त्याच्या टेबलावर तुमच्या सभेची पाकिटं असतात. उघडत नाही. त्यावर चहाचा कप ठेवतो.

आजी

•

१४ मार्च

आजी,

तुझ्या जिभेला काय म्हणू? खरंच कोणी वाचलेलं नाही, आणि आता त्यानेच माझा घात झालाय.

आज अध्यक्षांनी मला आत बोलावलं. समोर नियमांचं जुनं पुस्तक उघडं. आमच्या संस्थापकांनी एक मेख मारून ठेवली आहे. जो सभासद नव्या माणसाच्या विरोधात मत देईल, त्यानेच वार्षिक सभेत त्या नव्या माणसाची ओळख करून द्यायची. त्याचं काम वाचून, सगळ्यांसमोर उभं राहून, स्वतःच्या तोंडाने. उगाच कोणी नाही म्हणू नये, म्हणायचं तर आधी वाचावं, एवढाच हेतू. विरोधक जास्त असले तर चिठ्ठी काढायची. ओळख झाली की नवा माणूस सही करतो आणि सभासद होतो. ओळख नाही तर सही नाही, आणि सही नाही तर सगळं मुसळ केरात.

आणि कोणीच विरोध केला नाही तर? त्याबद्दल पुस्तकात अवाक्षर नाही. संस्थापक स्वतः शास्त्रज्ञ होते. शास्त्रज्ञांचं एकमत होईल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

मी दोघातिघांना विचारलं, एवढे गोड कसे झालात? एक म्हणाले, "पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं?" दुसरे म्हणाले, "नाही म्हटलं असतं तर ते परक्या भाषेतलं सगळं वाचावं लागलं असतं." एकदा दिलेलं मत बदलता येत नाही. चौघांनी जूनची तिकिटं काढली आहेत. अध्यक्ष म्हणतात, ओळख झाली नाही तर दार पुन्हा बंद, परदेश विभाग बंद, म्हणजे मीही बंद. मग बाबांचा चेहरा मला आयुष्यभर बघावा लागेल.

तुझ्या गांडूळमास्तरांचं मत अजून आलेलं नाही, हे खरं. पण मी मतं मोजणारी. मी किंवा माझ्या घरच्यांनी कोणाकडे मत मागायचं नाही, असा नियम आहे. तेव्हा तू त्यांच्याकडे मत मागायचं नाहीस. माझी शपथ आहे.

ठमी

•

१८ मार्च

ठमे,

शपथ पोचली. मी कोणाकडे काही मागितलेलं नाही. मास्तराकडे फक्त शिडी मागायला गेले होते.

हवा बरी आहे.

आजी

•

२ एप्रिल

आजी,

शिडी कशाला हवी होती? तुला स्टुलावर चढायलासुद्धा डॉक्टरांनी मना केलंय.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी एक पाकीट आलं. वर चहाच्या कपाची तीन गोल वर्तुळं. आत मतपत्रिका, चारही नावांपुढे लाल शाईत "नाही". गांडूळवाल्या बाईंच्या नावापुढे "नाही" खाली दोन रेघा. बाकी सगळे "हो" असल्यामुळे चौघे निवडून आलेच, आणि चौघांना एक विरोधक मिळाला! मी ते पाकीट छातीशी धरलं. माझ्या साहेबीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांना वाटलं, प्रेमपत्र आहे.

आता खरं सांग. काय बोललीस? आणि तू त्यांच्याकडे रोज जातेस असं बाबा म्हणतात. आजी, मला सांगायचं काही राहिलंय का? मी काही जुन्या वळणाची नाही. मला आनंदच होईल.

ठमी

•

७ एप्रिल

ठमे,

डोकं ठिकाणावर आहे का? म्हणे आनंद होईल! त्या माणसाच्या स्वयंपाकघरात बरण्यांमधून गांडुळं ठेवलेली आहेत. साखरेचा डबा उघडताना मी आधी हलवून बघते.

मी जाते, कारण त्याच्याशी भांडता येतं. तुझा आजोबा गेल्यापासून या घरात मी काहीही बोलले तरी सगळे "बरोबर आहे, बरोबर आहे" करतात. तुझ्या बापाला मी परवा म्हटलं, आज मंगळवार. बुधवार होता. "हो आई," म्हणाला. असं कसं जगायचं? मास्तराला मंगळवारी मंगळवार म्हटलं तरी तो कॅलेंडर बघायला उठतो.

आता त्या दिवशीचं. मी मत मागितलं नाही. मी कौतुक केलं. कौतुक करायचं नाही असं तुमच्या पुस्तकात आहे का? नसणार.

मी शिडी धरून उभी राहिले आणि म्हटलं, "मास्तर, माझी नात सांगते, तुमच्या सभेने परदेशातली चार रत्नं निवडली. एकानेही नाही म्हटलं नाही."

"एकानेही नाही?" तो म्हणाला.

"कशाला म्हणतील? एवढी थोर माणसं. त्यात एक बाई तर गांडुळांतली अशी जाणकार, की तिच्यापुढे बोलायची कोणाची छाती नाही म्हणे."

"कोण म्हणे?"

"सगळेच म्हणे. तुमचे अध्यक्षसुद्धा."

"त्या अध्यक्षाला गांडूळ आणि बुटाची नाडी यांतला फरक कळतो का, बाई?"

"तुम्ही कशाला त्रास करून घेता? तुम्ही आता थकलात. आपलं हो लिहा आणि मोकळे व्हा."

बस. कप बाजूला झाला, पाकीट फाडलं गेलं. शिडी मी विसरूनच आले.

पण नाचू नकोस. काल मी त्याला म्हटलं, "आता जूनमध्ये जायची तयारी करा." तर म्हणतो, "मी मत दिलंय. त्या सभेत पाय ठेवणार नाही." मागे कधीतरी हा बोलायला उभा होता, वेळ झाली म्हणून अध्यक्षांनी घंटा वाजवून याला खाली बसवलं. मुद्दा अर्धाच राहिला म्हणे. तो अर्धा मुद्दा अजून त्याच्या घशात आहे. आता तू बघ.

आजी

•

१३ एप्रिल

आजी,

तुला पुढारी करायला हवं होतं.

पण ते आलेच नाहीत तर? विरोध करणाऱ्याने स्वतः यायला लागतं. दुसऱ्याने वाचलेलं चालत नाही. मी त्यांना सभेतर्फे रीतसर आमंत्रण पाठवलं, गाडी पाठवीन म्हटलं, पुढची खुर्ची देईन म्हटलं. उत्तर नाही. आमंत्रणावर कप ठेवला असेल.

त्यात आज गांडूळवाल्या बाईंचं पत्र आलं. फार हरखल्या आहेत. आपल्या विषयातला इतका मोठा माणूस आपली ओळख करून देणार, हे त्यांना कोणीतरी कळवलं. त्यांनी विद्यार्थी असताना मास्तरांचं पुस्तक वाचलंय. आता मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, की त्या मोठ्या माणसाने तुमच्या नावापुढे दोन रेघा मारल्यात आणि तो येणारही नाही?

काहीतरी कर. नको, काही करू नकोस. काय ते तूच ठरव.

ठमी

•

१७ एप्रिल

ठमे,

मी काही केलेलं नाही. त्यानेच केलंय.

परवा मास्तराने मला पत्र टाकायला दिलं. त्या बाईलाच लिहिलेलं. तिच्या भाषेत लिहिलं आणि मला आपल्या भाषेत वाचून दाखवलं, तेही उभं राहून. मला समजलं तेवढं सांगते. बाई म्हणते, गांडुळं एकमेकांना अंग लावून, एकमेकांना विचारून वाट ठरवतात. मास्तर म्हणतो, मी उभं आयुष्य गांडुळं बघितली, गांडूळ एकटं असतं, ते कोणाला विचारत नाही. शेवटी लिहिलंय, "आपण गांडुळांवर लिहिलेलं नसून आपल्या शेजारणींवर लिहिलेलं दिसतं."

मला हसू आलं तर म्हणतो, "बाई, यात हसण्यासारखं काय आहे?"

अशीच पत्रं काचवाल्याला, गाळवाल्याला आणि पाखरांच्या गळ्यावाल्यालाही लिहितोय. टेबलाखाली पुस्तकं, खुर्चीवर पुस्तकं. मला बसायला जागा नाही. उभ्याने भांडावं लागतं.

आजी

•

२१ एप्रिल

आजी,

ते पत्र टाकू नकोस!! पाया पडते. ती बाई येणारच नाही. तिने आमच्यासाठी नवीन कोट शिवायला टाकलाय.

ठमी

•

२५ एप्रिल

ठमे,

तुझं पत्र येण्याआधी एक आठवडा टाकलं. मला पत्र टाकायला दिलं की मी टाकते. दुसऱ्याचं पत्र उशाखाली घेऊन बसायला मी काय सिनेमातली सासू आहे?

आणि तू एवढी घाबरतेस कशाला? त्या बाईला तुम्ही सगळ्यांनी हो हो म्हणून कागद पाठवलात. त्यात तिचं काही वाचल्याची खूण नव्हती. ह्याने शिव्या दिल्यात, पण पान नंबर घालून दिल्यात.

आजी

•

२० मे

ठमे,

तू लिहिणं बंद केलंस म्हणून मीच लिहिते. रुसायला मला वेळ नाही.

बाईचं उत्तर आलं. असं जाड पाकीट, की पोस्टमनने फटीतून न टाकता घंटी वाजवली. आत चित्रं, आकडे आणि पत्र. मास्तराने मला अर्धंच वाचून दाखवलं, अर्ध्यावर कागद खाली ठेवून तो बरण्यांकडे बघत बसला. बाईने लिहिलंय, "आपलं पुस्तक मी तीनदा वाचलं आहे. आपण प्रत्येक गांडूळ वेगळ्या बरणीत ठेवलं होतं. मग ते बिचारं विचारणार कोणाला?"

मास्तर दोन दिवस बोलला नाही. मी मुद्दाम म्हटलं, पृथ्वी सपाट आहे. तरी गप्प. मला खरंच काळजी वाटली. डॉक्टरला बोलवावं का असं तुझ्या बापाला विचारलं, तर तो म्हणाला, "बरोबर आहे."

तिसऱ्या दिवशी खाली गेले, तर मास्तराने दोन बरण्यांमधली गांडुळं एका परातीत सोडली होती आणि भिंग लावून बसला होता. मला म्हणाला, "बाई, हळू. पाय आपटू नका." मी म्हटलं, "काय दिसतंय?" म्हणाला, "दिसतंय ते तिला तोंडावर सांगणार आहे. पत्रात नाही."

मग कोट कुठे धुवायला टाकतात ते विचारलं.

गाडी पाठव. पुढची खुर्ची देऊ नकोस, नाही म्हणेल. मागची दे, म्हणजे पुढची मागेल.

आजी

•

२२ जून

आजी,

तू यायला हवं होतंस. तू आली नाहीस, तेव्हा बसून वाच.

सभागृह भरलेलं. नेहमी निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, पण मास्तर येणार ही बातमी फुटली होती. तुझ्या सांगण्याप्रमाणे त्यांना मागची खुर्ची दिली. दाराशी वारा लागतो म्हणून ते ताडताड पुढे येऊन बसले, नेमके गांडूळवाल्या बाईंच्या शेजारी. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. बाईंचा कोट हिरवा आहे, फार सुंदर.

मास्तर उभे राहिले. काचवाल्याची ओळख करून दिली. त्याचं काय चुकलं हे आधी सांगितलं आणि मग जे बरोबर आहे ते इतकं नेमकं सांगितलं, की काचवाला स्वतःच वहीत लिहून घेत होता. मग गाळवाला, मग पाखरांच्या गळ्यावाला. आमचे सभासद, ज्यांनी डोळे मिटून "हो" लिहिलं होतं, ते मान पुढे काढून ऐकत होते. एक जण माझ्या कानात म्हणाले, "अहो, हा गाळवाला तर माझ्याच धरणाचं कोडं सोडवतोय! मला कोणी सांगितलं का नाही?" मी म्हटलं, "काका, मी तुम्हाला पाच वेळा पाठवलं होतं."

शेवटी गांडुळं. मास्तर रंगात आले. आणि अध्यक्षांनी घंटा वाजवली.

मास्तरांनी कागदांची घडी घातली. सगळं संपलं असं वाटलं, कारण सही व्हायची अजून बाकी होती आणि ओळख अर्धी. तेवढ्यात हिरवा कोट उभा राहिला. बाईंनी अध्यक्षांसमोरची घंटा उचलली, आपल्या पर्समध्ये टाकली आणि म्हणाल्या, "माझं कसं चुकलं हे ऐकायला मी समुद्र ओलांडून आले आहे. त्यांना पूर्ण करू द्या."

मास्तर पुढे बरंच बोलले. बाईंनी मध्ये तीनदा तोडलं. शेवटी मास्तर म्हणाले, "हिचं अर्धं चुकलं आहे. माझं किती चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. हिच्या मदतीशिवाय ते कळणार नाही. हिला आत घ्या." आणि खाली बसले.

चौघांनी सह्या केल्या. नंतर चहा झाला तरी कोणी घरी जाईना. आता ठरलंय असं, की तीच गांडुळं, तीच माती, दोन देशांत एकाच वेळी, काही एकटी आणि काही घोळक्याने ठेवून बघायचं. माती गाळवाला निवडणार, भांडी काचवाला ओतणार. पाखरांवाला म्हणाला, "आणि प्रयोग संपला की गांडुळं मला द्या." त्यावर मास्तर हसले. आमच्या शिपाईकाकांनी खुर्च्या उचलायला घेतल्या तेव्हा कुठे मंडळी हलली.

परदेश विभाग राहिला. मीही राहिले, कायमची. बाबांना पेपर खाली ठेवायला लावून हे वाच.

ठमी

•

२७ जून

ठमे,

वाचलं. तुझ्या बापाने पेपर खाली ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "मी म्हणतच होतो." मी त्याला तुझ्यावतीने एक टपली मारली.

मास्तर परत आला तेव्हा मी जिन्यातच होते, केर काढत. म्हटलं, "काय, केलं का वाटोळं माझ्या नातीचं?" म्हणाला, "बाई, तुम्ही मला मार्चमध्ये फसवलंत. तुम्ही म्हणाला होतात की तिच्यापुढे बोलायची कोणाची छाती नाही."

"मग? होती का?"

"नव्हती," म्हणाला. "पण परवापर्यंतच. परवा मी बोललो." आणि वर जाताना, त्याचा मजला सोडून माझ्या मजल्यापर्यंत बोलतच आला. मग त्याला कळलं आणि परत उतरला.

कायमची झालीस ते बरं झालं. आता जेवणाच्या वेळा पाळ. सभेच्या फोटोत तुझी हाडं दिसतात.

आजी

•

३ नोव्हेंबर

आजी,

मदत कर. अगदी खरी मदत.

जूनची सभा सगळीकडे गाजली. पुढच्या वर्षीसाठी परदेशातून चारच्या जागी बारा नावं आली, आणि तीही सभासदांनी आपणहून सुचवलेली. मी खुशीत मतपत्रिका पाठवल्या. आज पाकिटं उघडायला बसले. पहिलं पाकीट, "नाही". दुसरं, "नाही". धरणवाले काका, बाराही ठिकाणी "नाही". प्रत्येकाला नव्या माणसाचं काम वाचून सभेत उभं राहायचंय, मास्तरांसारखं बोलायचंय, आणि कोणीतरी आपल्यासाठी घंटा पळवावी असं वाटतंय! एक तर मला विचारत होते, "चिठ्ठीत माझंच नाव येईल असं काही करता येईल का?"

पण आजी, निवडून यायला निम्म्याहून जास्त "हो" लागतात. अशाने बाराच्या बारा पडतील, तेही सगळ्यांना फार फार आवडतात म्हणून. मुदतीला अजून दहा दिवस आहेत. तुमच्या बाजूला आमचे तीन-चार म्हातारे सभासद राहतात, त्यांची मतं यायची आहेत. मत मागू नकोस, पण कौतुक करून बघ, टोमणे मारून बघ, बाकी काहीही कर. मला "हो" म्हणणारी माणसं हवी आहेत.

ठमी

•

८ नोव्हेंबर

ठमे,

चौघांच्या घरी जाऊन आले. एकाने मला दारातच सांगितलं, की मी आलेय ते चुकीच्या दिवशी. दुसऱ्याने माझ्या गुडघ्याचं दुखणं गुडघ्याचं नाहीच म्हणून अर्धा तास समजावलं. तिसऱ्याकडे चहा चांगला होता. चौथा मास्तर.

पोरी, नकार हवा होता तेव्हा मी होते. पण आता माझ्याकडे बघू नकोस. माझ्या ओळखीत "हो" म्हणणारं माणूस एकच आहे, तुझा बाप. त्याला सभासद करून घे.

आजी